अगं, किती सोसशील?

रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला की छाती धडधडते, आणि तरी तू मला सांगतेस, "ताई, मी मनावर घेत नाही गं, मी स्ट्राँग आहे." बस जरा माझ्याजवळ. आज या स्ट्राँग असण्याबद्दलच बोलायचंय.

आपल्याकडे मुलीला लहानपणापासून एकच ताकद शिकवतात, सोसायची. ऐकून घे, उलट बोलू नकोस, मोठे आहेत ते. घरात शिकलेलं हेच आपण नोकरीत घेऊन जातो. मग सगळ्यांदेखत फाईल टेबलावर आपटून साहेब म्हणाले, "एवढं साधं जमत नसेल तर घरी बसा," तरी आपण मान खाली घालून फाईल उचलतो, आणि जागेवर येऊन मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देतो की रडले नाही. पण मग त्याच साहेबांना एक साधी शंका विचारायची तर तू दोन-दोन तास टाळतेस. तेवढ्यात काम अडतं, आणि त्यावरून पुन्हा बोलणी खातेस. ही साखळी मी कितीतरी मुलींच्या बाबतीत पाहिली आहे. त्यातली एकही कमकुवत नव्हती.

बेनेट टेपर या अमेरिकन अभ्यासकाने २००० साली यावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. हात न उगारता, बोलण्यातून आणि वागण्यातून वरिष्ठाने सतत केलेला छळ, एवढाच भाग त्याने घेतला. चारचौघांत टाकून बोलणं, टोमणे मारणं, मुद्दाम अबोला धरणं. एखाद्या दिवशी कामाच्या घाईत आवाज चढला, ते यात येत नाही. त्याला असं दिसलं की अशा वरिष्ठाच्या हाताखालचे लोक नोकरी जास्त सोडतात, आणि जे राहतात त्यांचं कामातलं समाधान जातं, घरच्या आयुष्यातलंही जातं. शिवाय ज्यांना दुसरी नोकरी मिळणं अवघड, त्यांना हा त्रास जास्त भोवतो. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दुसरं दार उघडं आहे एवढं माहीत असलं, तरी तेच टोमणे जरा कमी लागतात. म्हणून मनाची ताकद वाढवायची तर नुसतं मनाला समजावून भागत नाही, बाहेरही हातपाय हलवावे लागतात.

नेब्रास्का विद्यापीठातल्या फ्रेड लुथान्स यांनी नोकरदार माणसाचं मानसिक भांडवल कशाचं बनतं ते मांडलं आहे. आशा, स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास, पडलं तरी पुन्हा उभं राहण्याचा चिवटपणा आणि आशावाद, या चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. निमूट सोसणं त्यात कुठेच नाही, बघ. आणि हे भांडवल जन्मतः ठरलेलं नसतं, वाढवता येतं, असं ते सांगतात.

यातली आशा म्हणजे "होईल सगळं नीट" म्हणत बसणं नाही. सी. आर. स्नायडर या मानसशास्त्रज्ञाने तिच्यात दोन गोष्टी पाहिल्या: पुढे जायची जिद्द आणि पुढे जायच्या वाटा. जिद्द तुझ्यात भरपूर आहे. वाटा मात्र तुला दिसेनाशा झाल्यात, कारण रोज सकाळी आज साहेबांचा मूड कसा असेल, यातच तुझं सगळं डोकं खर्च होतं.

कुवतीवरचा विश्वास हा तर छळाचा पहिला बळी. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली दाखवून दिलं की हा विश्वास सर्वात जास्त कशाने येतो, तर आपण स्वतः काम तडीस नेल्याच्या अनुभवाने. लोक काय म्हणतात याचाही वाटा असतो, पण तो त्या मानाने कमी. तुझं उलटं झालंय. केलेलं काम विसरतेस आणि ऐकलेलं तेवढं पाठ करून ठेवतेस.

आमच्या ऑफिसात अकाउंट्समध्ये एक मुलगी होती. तिचे साहेब तोंडी एक काम सांगायचे आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणून झापायचे. तिने भांडण काढलं नाही. साहेबांनी काही सांगितलं की जागेवर येऊन दोन ओळींचा मेल टाकायची: "सर, सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे आधी सुरतच्या पार्टीची बिलं घेते. त्यामुळे बँकेचा ताळमेळ उद्या दुपारी होईल. काही बदल असल्यास कळवावे." बस. शिवाय घरी एक वही होती. डाव्या पानावर तारीख, कोण काय बोललं, समोर कोण होतं. उजव्या पानावर त्या दिवशी तिने हातावेगळं केलेलं काम. साहेबांचा स्वभाव बदलला नाही, पण "म्हणालोच नव्हतो" मात्र बंद झालं. पुढे ती डाव्या पानांच्या आधारे एचआरकडे गेली. तिथे फारसं काही घडलं नाही. मग उजवी पानं समोर ठेवून तिने सीव्ही लिहिला आणि दुसरी नोकरी धरली. तिच्या चिवटपणाचं कौतुक करायचं तर या वहीसाठी करावं, ऐकून घेतल्याबद्दल नको.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली लिहिलेल्या पुस्तकात, परिस्थिती बिघडली की माणसाला तीन मार्ग असतात असं म्हटलंय: निघून जाणं, बोलणं किंवा निष्ठेने थांबणं. पुढच्या अभ्यासकांनी त्यात चौथा घातला, अंग काढून घेणं. उशिरा पोचायचं, काम कसंबसं रेटायचं, मन कशातच घालायचं नाही. मला तुझी काळजी वाटते ती या चौथ्या मार्गाची. त्याने साहेबांचं काहीच बिघडत नाही, पण तुझ्या हातातलं कौशल्य गंजतं. आणि तिथे गिळलेला राग घरी आईवर निघतो, तो वेगळाच.

हल्ली कंपन्या ताण सोसण्याची शिबिरं भरवतात. त्यातून कुणाला श्वासाचे चार व्यायाम मिळाले तर जरूर घ्यावेत. पण छळणाऱ्याला जाब न विचारता ज्याचा छळ होतोय त्यालाच घट्ट व्हायला शिकवणं हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तुझ्यात ताकद आहे म्हणून साहेबांचं वागणं क्षम्य ठरत नाही.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नकोस. लगट, घाणेरडे शेरे, रात्रीचे नको ते मेसेज असलं काही असेल तर वही भरत बसायचं नाही. त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. ऑफिस त्याहून लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. आणि झोप उडाली, जेवण जाईना, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता या आठवड्यात एवढं कर. नेमणुकीचं पत्र काढून नोटीस पिरियड किती आहे ते बघ. वही आण आणि उजवं पान आधी भर. सीव्ही जसा असेल तसा मला पाठव, मी बघते. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. तेवढी रक्कम जमली की मला फोन कर, राजीनाम्याचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.