पाय धुणे हेही औषधच!

मृग लागला, धानाचे पऱ्हे टाकले गेले आणि रोवणी सुरू झाली, की आमच्या पूर्व विदर्भातील दवाखान्यांत एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण वाढू लागतात. हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधाण येते आणि एक पाय लालभडक होऊन ठणकू लागतो. चार-आठ दिवसांत ताप उतरतो, पण पायाची सूज आधीपेक्षा थोडी अधिक राहते. पुढच्या खेपेस आणखी थोडी. असे करीत करीत काही वर्षांत त्याचा हत्तीपाय होतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक शेतमजूर बाई येत असे. वय पंचेचाळीसच्या आसपास. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिला तीन वेळा ताप आला होता आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली होती. त्याहून मोठे दुःख तिने हळूच सांगितले, "डॉक्टरसाहेब, पोरीला पाहायला पाहुणे येतात, तेव्हा मी चुलीजवळून उठतच नाही जी. माझा पाय दिसला तर सोयरीक मोडेल."

दोन वर्षे मी तिला तापासाठी प्रतिजैविके आणि सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देत होतो. ताप उतरत असे, सूज काही हटत नसे. एके दिवशी तिचा पाय स्टुलावर ठेवून मी बोटे एकेक करून फाकवली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली होती आणि आत एक बारीक भेग होती. आपण ज्यांना चिखल्या म्हणतो त्या. दोन वर्षे मी सूज पाहत होतो. ती भेग पाहिलीच नव्हती. या भेगेचा आणि हत्तीपायाचा संबंध काय, तो आज समजावून घेऊ.

शरीरातील दुसरी नळयोजना

रक्तवाहिन्या सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या जोडीला शरीरात आणखी एक नळयोजना असते, ती लसिकावाहिन्यांची. रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून जाताना त्यातील काही पाणी व प्रथिने बाहेर झिरपतात. बरेचसे पाणी परत रक्तात शोषले जाते. उरलेले, दिवसाकाठी अंदाजे तीन लिटर, लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये परत आणून सोडतात. या फिकट द्रवाला लसिका म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात. जंतू आलेच, तर त्यांना तेथे अडवले जाते. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येते ते यामुळेच. अवधाण म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाने दिलेली हाळी होय.

रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसिकेला असा स्वतंत्र पंप नाही. तिच्या वाहिन्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आत उलटा प्रवाह अडवणाऱ्या झडपा असतात, आणि बाकीचे काम चालताना पोटऱ्यांचे स्नायू व श्वास घेताना छाती करते. म्हणूनच दिवसभर पाय लोंबते ठेवून बसणाऱ्याचे पाय संध्याकाळी जड वाटतात आणि चार पावले चालले की हलके होतात.

हत्तीरोगात काय बिघडते?

हत्तीरोगाचे दोऱ्यासारखे बारीक जंत याच लसिकावाहिन्यांत घर करतात. त्यांची सूक्ष्म पिले रक्तात फिरतात. टिमोथी लुईस यांनी १८७२ साली कलकत्त्यात ती माणसाच्या रक्तात पाहिली. १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये काम करताना ती डासाच्या शरीरात वाढतात असे दाखवले. डासांचा माणसाच्या रोगाशी असलेला संबंध उघड होण्याची ही सुरुवात होती.

आपल्याकडे हा रोग क्यूलेक्स डास पसरवतो. तो गटारे, डबकी, शौचालयाच्या टाक्या अशा घाण पाण्यात वाढतो. पिले रक्तात रात्री, साधारण दहा ते दोनच्या सुमारास, सर्वाधिक असतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दार ठोठावून बोटाचे रक्त मागतात. त्यांना परत पाठवू नये.

मोठे जंत साधारण सहा ते आठ वर्षे जगतात. तेवढ्या काळात ते लसिकावाहिन्या रुंद व ढिल्या करून टाकतात, झडपा निकामी होतात. पुढे जंत मेले तरी बिघडलेली नळयोजना पूर्वपदावर येत नाही. पायात लसिका साचते. अशा पायात चिखल्यांच्या भेगेतून साधे, नेहमीचे जंतू शिरले, तर त्यांना हटवणारी यंत्रणाच दुबळी झालेली असते. मग ताप, लाली, ठणका! प्रत्येक झटका उरलेल्या वाहिन्यांपैकी आणखी काही बाद करतो. म्हणजे सुरुवात जंतांनी केली, तरी पाय हत्तीसारखा होण्यात या वारंवारच्या झटक्यांचा फार मोठा वाटा असतो. आणि ते टाळणे पुष्कळसे आपल्या हातात आहे.

रोजचे वीस मिनिटांचे काम

त्या बाईला मी जे सांगितले तेच येथे क्रमाने देतो.

१. रोज एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, दोन्ही पाय स्वच्छ, साध्या पाण्याने धुवावेत. गरम पाणी नको. अंगाचा साधा साबण पुरतो. वरून सुरुवात करून खाली बोटांकडे यावे. बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या हलक्या हाताने साफ कराव्यात. वजरी किंवा दगडाने घासू नये. ओरखडा म्हणजे जंतूंना उघडे दार.

२. धुण्याइतकेच पुसणे महत्त्वाचे. जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा स्वच्छ तुकडा घेऊन टिपून टिपून पाय कोरडा करावा. तो तुकडा प्रत्येक बेचक्यातून फिरवावा. जोडवी घट्ट होत असतील तर काढून ठेवावीत. त्यांच्याखाली ओल राहते.

३. उजेडात पाय नीट पाहावा. बेचके पांढरे दिसले तर बुरशीनाशक मलम, जखम असेल तर जंतुनाशक मलम, डॉक्टरांना विचारून लावावे. नखे सरळ कापावीत.

४. झोपताना खाटेच्या पायथ्याकडील दोन्ही खुरांखाली एकेक वीट ठेवावी. बसताना सुजलेला पाय पाटावर घ्यावा. हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

५. दिवसातून दोन-तीन वेळा टाचा वर-खाली कराव्यात, घोटा गोल फिरवावा, काही दीर्घ श्वास घ्यावेत. रोज थोडे चालावे. वजन अधिक असेल तर कमी करावे.

६. अनवाणी फिरू नये. पायाला न चावणारी, सैल चप्पल वापरावी. बेचक्यात ओली भेग असेल तोवर चिखलात न उतरणे उत्तम. पण पोटासाठी बांधीत उतरावेच लागत असेल, तर घरी येताच पाय धुऊन कोरडे करणे चुकवू नये.

झटका आला तर

ताप व लाली आली की विश्रांती घ्यावी, पाय उंच ठेवावा, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, भरपूर पाणी प्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. या काळात व्यायाम व मालीश पूर्ण बंद. शेक, गरम पोटीस, बिब्याचे डाग, ब्लेडने चिरा देणे हे प्रकार कृपा करून करू नका. अशा उपायांनी पाय चिघळलेले मी पाहिले आहेत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज बरी होत नाही, हे मीही उशिरा शिकलो.

प्रत्येक सूज हत्तीरोगाची नसते. दोन्ही पाय किंवा चेहरा सुजत असेल तर हृदय, मूत्रपिंड, थायरॉईड यांची तपासणी हवी. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे मालीश धोक्याचे. तातडीने रुग्णालय गाठावे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढलेल्या भगिनींनीही त्या बाजूच्या हाताची अशीच काळजी घ्यावी आणि हात जड वाटू लागताच डॉक्टरांना दाखवावे. पुरुषांना या रोगात अंडवृद्धी होते. ती लाजेने लपवू नये, शस्त्रक्रियेने ती बरी होते.

गोळ्या खिशात नको, पोटात हव्यात

सामुदायिक औषधोपचार मोहिमेत डीईसी व अल्बेंडाझोल या गोळ्या दिल्या जातात. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही देण्यात आले. "मला काही झालेले नाही, मी कशाला खाऊ?" असे म्हणून पुष्कळ लोक गोळ्या खिशात टाकतात. पण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही पिले असू शकतात आणि डास ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना वगळून इतरांनी जेवणानंतर, कर्मचाऱ्यासमोरच गोळ्या घ्याव्यात. नंतर थोडा ताप किंवा डोकेदुखी झाली तर बहुधा ती रक्तातील पिले मरत असल्याची खूण असते. त्रास अधिक वाटल्यास आरोग्य केंद्रात जावे. शौचालयाच्या गॅसपाइपला जाळी बांधणे, गटार वाहते ठेवणे आणि मच्छरदाणी वापरणे, ही कामे तर बारमाही आहेत.

त्या बाईचा पाय पूर्ण उतरला नाही. तसे आश्वासन मी दिलेही नव्हते. सूज थोडी कमी झाली, कातडी मऊ झाली. मात्र पुढच्या पावसाळ्यात तिला एकदाही ताप आला नाही. पूर्ण रोवणीभर एक दिवसही मजुरी बुडाली नाही, हे सांगायला ती मुद्दाम दवाखान्यात आली होती. सोबत मुलगी होती. रोज रात्री आईचे पाय पुसून देण्याचे काम तिनेच अंगावर घेतले होते.

वाचकहो, आज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या पायांची बोटे जरा फाकवून पाहा. खर्च काहीच नाही. आणि एखादी भेग वेळीच दिसली, तर पुढची कितीतरी वर्षे तो पाय सुखाने चालेल.