घोड्यांच्या पायाखालची जमीन : माती की कृत्रिम धावपट्टी?



घोड्यांच्या शर्यती म्हटलं की आपल्याला मुंबईचं महालक्ष्मी आठवतं. तिथे घोडे गवतावर धावतात. अमेरिकेत मात्र केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही मानाच्या शर्यती मातीवर होतात. या मातीवरूनच तिथे जवळपास वीस वर्षं वाद चालू आहे.

साधारण ५०० किलोचं जनावर ताशी साठेक किलोमीटर वेगाने धावतं, तेव्हा धावेच्या एका क्षणी सगळा भार एकाच बारीक पायावर येतो. हाड मोडलं तर घोड्याला माणसासारखं महिनोन्महिने झोपवून ठेवता येत नाही. बाकीच्या पायांवर जास्त भार आला की त्यांचे खूर बिघडतात. २००६ ची डर्बी जिंकलेल्या बार्बारोचं असंच झालं. दोनच आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये त्याचा मागचा पाय मोडला. आठ महिने उपचार झाले, पण शेवटी खुरांच्या आजारामुळे त्याला दयामरण द्यावं लागलं. २००८ मध्ये एट बेल्स ही घोडी डर्बीत दुसरी आली आणि अंतिम रेषा ओलांडल्यावर पुढचे दोन्ही पाय मोडून कोसळली. तिलाही तिथेच मरण द्यावं लागलं.

कृत्रिम धावपट्टी म्हणजे काय? वाळू, कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे यांचं मिश्रण, आणि त्यावर मेणाचा लेप. पाणी खाली झिरपून जातं, त्यामुळे पावसात चिखल होत नाही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शर्यत मंडळाने मोठ्या मैदानांना अशी पट्टी बसवण्याचा आदेशच दिला. पण घाई नडली. सांता अनिताच्या पट्टीतून पाण्याचा निचराच होईना! ते मैदान २०१० मध्ये पुन्हा मातीवर आलं. केंटकीतलं कीनलँड २०१४ मध्ये आणि कॅलिफोर्नियातलं डेल मार २०१५ मध्ये परतलं.

आता आकडे बघा. एका शर्यतीत आठ घोडे धावले तर आठ धावा धरायच्या. जॉकी क्लबच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये दर १,००० धावांमागे मातीवर १.४३ घोडे दगावले, कृत्रिम पट्टीवर ०.९७. मुलांना दशांश चिन्हातला घोडा समजत नाही, म्हणून १०,००० धावा घ्या : मातीवर चौदा, कृत्रिमवर दहाच्या आत. त्याच वर्षी डर्बीच्या आसपास चर्चिल डाउन्सवर बारा घोडे गेले. चौकशीत कुठलंही एकच कारण सापडलं नाही.

मग माती सोडत का नाहीत? माझ्या मते खरं कारण पैशाचं आहे. मातीवरच्या मोठ्या शर्यती जिंकलेल्या घोड्याला पैदाशीसाठी प्रचंड भाव मिळतो. कृत्रिम पट्टीवरचा घोडा मातीवर चालत नाही, असंही म्हणतात. पण २०२२ ची डर्बी जिंकणारा रिच स्ट्राइक त्याच्या आधीची शर्यत टर्फवे पार्कच्या कृत्रिम पट्टीवरच धावला होता. प्रशिक्षकांची एक तक्रार मात्र ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या मते कृत्रिम पट्टीवर हाडं कमी मोडतात, पण मागच्या पायांच्या आणि स्नायूंच्या दुखापती वाढतात. अशी दुखापत होऊनही जगलेला घोडा वरच्या आकड्यात येतच नाही.

सध्या टर्फवे आणि फ्लोरिडातलं गल्फस्ट्रीम इथे कृत्रिम पट्टी आहे. कॅलिफोर्नियात शेवटपर्यंत ती टिकवणारं गोल्डन गेट फील्ड्स २०२४ मध्ये बंदच पडलं. डर्बी अजून मातीवरच आहे.

शेकडेवारी आणि प्रमाण शिकवताना हे दोन आकडे फळ्यावर लिहा. त्यांखाली एवढंच लिहा, की यात शर्यतीनंतर ७२ तासांच्या आत झालेले मृत्यूच धरले आहेत, सकाळच्या सरावात दगावलेले घोडे नाहीत. मग मुलांना विचारा : आणखी काय मोजायला हवं होतं?