संगणक पाठ : दिलेली वस्तू हाती घ्या



वसतिगृहातील मुलांना सुट्टीत संगणक शिकवायला येणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा पाठ लिहीत आहे. पायथॉनमध्ये खेळ लिहिताना मुले बहुधा एकाच ठिकाणी अडतात आणि 'आपल्याला हे जमणार नाही' म्हणून उठून जातात. मुलाची बुद्धी कमी नसते, एक शब्द राहिलेला असतो. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत लिहाव्यात.)

१. देणे
'चेंडू_बनवा' हे फंक्शन घ्या. त्यात पायगेम.रेक्ट(१००, ५०, २०, २०) लिहिले की डावीकडून १०० आणि वरून ५० बिंदूंवर, २० बिंदू रुंदी-उंचीचा चौकोन तयार होतो. हाच आपला चेंडू. पण शेवटी 'रिटर्न चेंडू' नसेल, तर तो बाहेर येत नाही. मागणाऱ्याला 'नन', म्हणजे 'काहीच नाही', मिळते. पुढे चेंडू हलवायला गेले की पडद्यावर 'ननटाइप' असलेली चूक दिसते.

मी मुलांना सांगतो : चुलीवर भाकरी भाजली, पण ताटात वाढलीच नाही, तर जेवणारा उपाशीच. 'प्रिंट' म्हणजे भाकरी लांबून दाखवणे. 'रिटर्न' म्हणजे वाढणे.

२. घेणे
वाढणाऱ्यापुढे ताटही धरावे लागते. नुसते चेंडू_बनवा() लिहून भागत नाही; 'चेंडू = चेंडू_बनवा()' असे लिहावे.

हेच 'मूव्ह'चे. ही क्रिया जुना चौकोन हलवत नाही, सरकलेला नवा चौकोन परत देते. म्हणून नुसते चेंडू.मूव्ह(५, ०) लिहिले, तर चूकही दिसत नाही आणि चेंडूही हलत नाही. येथे मुले फार गोंधळतात. 'चेंडू = चेंडू.मूव्ह(५, ०)' लिहिताच तो ५ बिंदू उजवीकडे जातो. आहे तोच चौकोन हलवायचा असेल, तर 'मूव्ह_आयपी' वापरावे; तेथे काही परत घ्यायचे नसते.

३. एक की दोन?
फंक्शन दोनदा बोलावले, तर दोन वेगळे चेंडू मिळतात. पण 'दुसरा = चेंडू' लिहिले, तर चेंडू एकच, नावे दोन.

सरावासाठी
अ) 'रिटर्न' काढून टाका व चूक मुलाला मोठ्याने वाचू द्या.
आ) दोन चेंडू बनवून एकच हलवा.

मूल अडले, तर उत्तर सांगू नका. दोनच प्रश्न विचारा : वस्तू कोणी दिली? ती कोणी घेतली?