धूमकेतु पाहणारी मारिया मिचेल

आकाश सर्वांनाच दिसतें; परंतु तें नित्य पाहून टिपून ठेवणारे थोडे. अमेरिकेंतील मारिया मिचेल ही अशांपैकीं एक.

मारियेचा जन्म १८१८ सालीं नॅन्टकेट बेटावर झाला. १८३१ च्या सूर्यग्रहणांत पित्यासाठीं सेकंद मोजणारी मारिया अवघी बारा वर्षांची होती. पुढें ती दिवसा ग्रंथालय सांभाळी व रात्रीं गच्चीवर दुर्बीण लावी.

ता. १ ऑक्टोबर १८४७ रोजीं घरीं पाहुणे असतां ती गच्चीवर गेली आणि तिला नवा धूमकेतु दिसला. खात्री पटूनही ती तें प्रसिद्ध करूं देईना. तरी पित्यानें ता. ३ रोजीं हार्वर्ड येथें पत्र धाडिलें. त्याच दिवशीं रोम येथें दुसऱ्या ज्योतिर्विदासही तो दिसला. डेन्मार्कच्या राजाचें सुवर्णपदक कोणास, हा प्रश्न उद्भवला, तेव्हां त्या पत्राची साक्ष उपयोगीं पडली व पदक मारियेस मिळालें. १८६५ पासून तिनें व्हॅसर कॉलेजांत मुलींस ज्योतिष शिकविलें.

मुलांनो, जें पाहाल तें त्याच दिवशीं टिपा. पालकहो, त्या पित्याप्रमाणें आपल्या मुलीच्या दृष्टीवर विश्वास ठेवा.