हळदीचा रंग आणि द्रावकाची संगत

रंग हा पदार्थाचा अंगभूत गुणधर्म आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. गंधक पिवळे, कोळसा काळा, मोरचूद निळे. परंतु हेच मोरचूद लोखंडी पळीत तापवले, तर त्यातील पाणी निघून जाते आणि निळे खडे पांढरे पडतात. त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की निळा रंग परत येतो. मग हा निळा रंग कोणाचा? तांब्याचा, की त्याच्याभोवती जमलेल्या पाण्याच्या रेणूंचा? प्रामाणिक उत्तर असे, की तो दोघांच्या संगतीचा आहे.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशी आपल्याकडे म्हण आहे. गोठ्यातील बैलांच्या बाबतीत ती खरी असेल. रेणूंच्या जगात मात्र शेजाऱ्याचा गुण लागतो आणि वाणही लागतो. ज्या द्रवात एखादा पदार्थ विरघळवावा त्या द्रवाला द्रावक म्हणतात. द्रावक म्हणजे नुसते भांडे नव्हे. विरघळलेल्या रेणूची ठेवण, त्याचा रंग आणि त्याचा वर्णपट या तिन्हींवर द्रावकाचा ठसा उमटतो. द्रावकामुळे होणाऱ्या रंगबदलाला सॉल्व्हॅटोक्रोमिझम असे नाव आहे; मराठीत आपण त्याला द्रावकवर्णता म्हणू. या लेखात मी ती आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या ओळखीच्या पिकाच्या, म्हणजे हळदीच्या, आधाराने सांगणार आहे. कला शाखेच्या वाचकांनी सूत्रांची धास्ती बाळगू नये. सूत्र एकच येईल, आणि तेही निरुपद्रवी आहे.

आयोडीनचे दोन रंग

हळदीकडे वळण्यापूर्वी एक सोपे उदाहरण पाहू. जखमेला लावण्याचे टिंक्चर आयोडीन तपकिरी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आयोडीनची वाफ जांभळी असते. हेक्झेनसारख्या द्रावकात आयोडीन विरघळवले, तर द्रावणही वाफेसारखेच जांभळे होते. हेक्झेनचे रेणू आयोडीनशी फारशी सलगी करीत नाहीत. आयोडीन तेथे जवळजवळ एकटाच असतो आणि सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग.) अल्कोहोलमध्ये मात्र ऑक्सिजनच्या अणूवर इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. ती आयोडीनकडे झुकते, दोघांत एक सैल जोडणी होते आणि शोषण सुमारे ४५० नॅनोमीटरकडे सरकते. द्रावण तपकिरी दिसू लागते. आयोडीन तोच, शेजारी बदलला.

असे बदल एकोणिसाव्या शतकातच शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले होते. जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट कुंट यांनी त्यांत काही नियम शोधण्याचा प्रयत्न केला. १९६३ मध्ये डिमरोथ, राइखार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विशिष्ट रंगद्रव्याच्या साहाय्याने द्रावकांची ध्रुवीयता मोजण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. हे रंगद्रव्य मेथॅनॉलमध्ये तांबडे, इथेनॉलमध्ये जांभळे, तर ॲसिटोनमध्ये हिरवे दिसते. एकच पदार्थ, पण बाटलीगणिक रंग निराळा!

रंग बदलतो तो का?

रेणूने प्रकाश शोषला म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवरून वरच्या पातळीवर जातो. या दोन पातळ्यांमधील अंतर जितके कमी, तितकी शोषलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त. आता समजा, वरच्या पातळीवर गेल्यावर रेणूतील विद्युत्‌भाराची विभागणी बदलली आणि त्याची धन व ऋण टोके अधिक ठळक झाली. पाणी किंवा अल्कोहोल यांसारख्या द्रावकांचे रेणूही एका टोकाला किंचित धन व दुसऱ्या टोकाला किंचित ऋण असतात. म्हणून त्यांना ध्रुवीय म्हणतात. ते अशा उत्तेजित रेणूला अधिक आधार देतात. वरची पातळी खाली येते, अंतर घटते आणि शोषण तांबड्या बाजूकडे सरकते. याउलट खालच्याच पातळीला द्रावकाचा आधार अधिक मिळत असेल, तर अंतर वाढते आणि शोषण निळ्या बाजूकडे सरकते.

ॲसिटोन हे याचे ठरीव उदाहरण आहे. हेक्झेनमध्ये त्याचे एक शोषण २७९ नॅनोमीटरला येते, तर पाण्यात ते सुमारे २६५ नॅनोमीटरला येते. ॲसिटोनच्या ऑक्सिजनला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. त्यामुळे तेथील इलेक्ट्रॉन उचलण्यास जास्त ऊर्जा लागते. हा भाग जंबुपार किरणांचा असल्याने डोळ्यांना फरक दिसत नाही, पण वर्णपटमापक तो बिनचूक नोंदवतो.

कुर्क्युमिनची बांधणी

आता हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणांस ठाऊक असेलच. हळदीचा पिवळेपणा मुख्यतः कुर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. फोगेल आणि पेल्तिए यांनी १८१५ मध्ये ते हळदीतून वेगळे काढले. त्याची रचना उमगण्यास मात्र १९१० साल उजाडावे लागले. त्याचे सूत्र कार्बन २१, हायड्रोजन २०, ऑक्सिजन ६ असे आहे. हेच ते कबूल केलेले एकमेव सूत्र.

हा रेणू डोळ्यांसमोर आणायचा तर एक कावड कल्पावी. दोन टोकांना दोन षट्कोनी कड्या, त्यांना जोडणारी सात कार्बनांची दांडी, आणि दांडीच्या मध्याजवळ दोन ऑक्सिजन. हा मधला भाग दोन रूपांत राहू शकतो. एका रूपात, ज्याला ईनॉल म्हणतात, दोन ऑक्सिजनांच्या मध्ये एक हायड्रोजन असतो. तो एकाला घट्ट व दुसऱ्याला सैल असा बांधलेला असतो. त्यामुळे दांडी सपाट राहते आणि एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत इलेक्ट्रॉनांना अखंड वाट मिळते. दुसऱ्या रूपात, ज्याला कीटो म्हणतात, हा हायड्रोजन मधल्या कार्बनवर जाऊन बसतो. वाट मध्येच तुटते आणि कावडीची दोन अर्धुके होतात.

वाट लांब असेल तर शोषण दृश्य प्रकाशात येते. ईनॉल रूप सुमारे ४२० ते ४३५ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळा-निळा, प्रकाश शोषते. म्हणून आपल्याला हळद पिवळी दिसते. कीटो रूपाचे शोषण जंबुपार भागाकडे सरकते, म्हणून त्याचा रंग फिका.

कोणते रूप किती राहील, हे द्रावक ठरवतो. याच घराण्यातील ॲसिटिल ॲसिटोन हा छोटा रेणू पाहा. हेक्झेनमध्ये त्याचे ९० टक्क्यांहून अधिक रेणू ईनॉल रूपात असतात. पाण्यात हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी त्या ऑक्सिजनांना बाहेरून हायड्रोजन बंध पुरवते, तेव्हा आतल्या बंधाची गरज उरत नाही. कुर्क्युमिन अल्कोहोल, क्लोरोफॉर्म इत्यादी द्रावकांत बहुतांशी ईनॉल रूपातच राहते. परंतु अल्कोहोलमधील त्याच्या द्रावणात पाण्याचे प्रमाण वाढवत नेले, की कीटो रूप डोके वर काढते आणि वर्णपटात ३५० नॅनोमीटरच्या बाजूला नवा फुगवटा दिसू लागतो. येथे द्रावकाने नुसता रंग हलवला नाही. रेणूची ठेवणच बदलली.

शोषण थोडे हलते, उत्सर्जन फार

कुर्क्युमिनचे शोषण एका द्रावकातून दुसऱ्यात गेल्यावर फारसे सरकत नाही. मेथॅनॉलमध्ये ते ४२३ नॅनोमीटरच्या आसपास, तर डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये ४३५ च्या आसपास असते. पण शोषलेला प्रकाश रेणू परत टाकतो तेव्हा, म्हणजे ज्याला फ्ल्युओरेसन्स म्हणतात त्यात, चित्र पालटते. सायक्लोहेक्झेनमध्ये ही चमक ४५० नॅनोमीटरच्या जवळपास, निळसर. मेथॅनॉलमध्ये ५४० च्या जवळपास, हिरवट-पिवळी.

हा फरक का पडावा? कारण वेळेचे आहे. प्रकाश शोषला जातो तो सेकंदाच्या एक हजार-अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळात. तेवढ्यात भोवतालच्या रेणूंना हलायलाही सवड नसते. परंतु उत्तेजित रेणू चमकण्यापूर्वी काही काळ थांबतो, आणि तेवढ्या अवधीत ध्रुवीय द्रावकाचे रेणू त्याच्याभोवती नव्याने मांडून बसतात. पाहुणा अचानक दारात येतो तेव्हा घर जसे असेल तसेच त्याला दिसते. तो निघेपर्यंत बैठक नीट लावलेली असते, तसेच हे. या नव्या मांडणीत उत्तेजित रेणूची ऊर्जा उतरते आणि बाहेर पडणारा प्रकाश तांबड्या बाजूस सरकतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात खोपडे, इंदिरा प्रियदर्शिनी, पालित व मुखर्जी यांनी कुर्क्युमिनच्या उत्तेजित अवस्थेवर द्रावकांचा काय परिणाम होतो याचा पद्धतशीर अभ्यास करून २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्या शेतातील कंदाच्या रेणूवर आपल्याच राज्यात असे काम झाले, ही समाधानाची बाब आहे.

हा फरक घरीही पाहता येतो. मी तीन काचेच्या बाटल्यांत चिमूटभर हळद टाकून एकीत स्पिरिट, दुसरीत खोबरेल तेल व तिसरीत पाणी घातले, आणि गाळ बसू दिला. मग अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याचा जंबुपार दिवा वरून धरला. स्पिरिट हिरवट-पिवळे झळकले; तेलाची झाक त्याहून हिरवी होती; पाणी मात्र जवळजवळ मुके राहिले. पाण्यात कुर्क्युमिन विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमही धड उतरत नाही. स्वयंपाकात हळद फोडणीच्या तेलात टाकण्यामागे अनुभवाचे हेच शहाणपण आहे. (स्पिरिट पेट घेते, प्रयोग करताना जवळपास विस्तव नको, आणि दिव्याकडे थेट पाहू नये.)

चुन्याचे काम निराळे

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप लावतात तो लाल होतो. हळदीच्या डागावर साबण लावला, तर तोही तांबडा पडतो. ही द्रावकवर्णता नव्हे. चुना आणि साबण आम्लारिधर्मी आहेत. ते कुर्क्युमिनचा एक प्रोटॉन काढून घेतात. रेणूच बदलतो, म्हणून रंग बदलतो. डागावर लिंबू पिळले की प्रोटॉन परत मिळतो आणि पिवळा रंग येतो. टाकणखार व लिंबाचा रस वापरून हळकुंडाचे कुंकू करण्याची जुनी रीत आहे. तीत बोरॉन कुर्क्युमिनशी जोडला जाऊन तांबडी संयुगे बनतात.

तेव्हा तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, द्रावक रेणू तोच ठेवून फक्त ऊर्जापातळ्या हलवतो. दुसरी, द्रावक रेणूच्या दोन रूपांपैकी एकाची बाजू घेतो. तिसरी, भोवतालचा पदार्थ रेणूशी रासायनिक क्रियाच करतो. डोळ्यांना तिन्ही ठिकाणी रंगबदलच दिसतो. कारणे मात्र वेगळी.

टक्केवारीचा प्रश्न

हा सारा विचार पुस्तकी वाटेल, पण तो शेतकऱ्याच्या पदराशी येऊन भिडतो. हिंगोली-वसमतच्या बाजारात हळकुंड मोडून आतला रंग पाहण्याची रीत आहे. प्रक्रिया उद्योग व निर्यातदार मात्र कुर्क्युमिनचे टक्के विचारतात. हे टक्के सामान्यतः २ ते ६ च्या दरम्यान असतात, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरकही लहान नव्हे. ते मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत हळदीच्या पुडीतील रंग अल्कोहोलमध्ये उतरवतात आणि ४२५ नॅनोमीटरला शोषण किती होते ते पाहतात. आंतरराष्ट्रीय मानक ५५६६ हे १९८२ मध्ये याच कामासाठी आले.

आता वरील विवेचन आठवावे. अल्कोहोलमध्ये पाणी जास्त मिसळले असेल, तर शोषणाचे शिखर सरकेल, त्याची उंची बदलेल आणि तीच हळद कमी कसाची ठरेल. एका द्रावकात घेतलेले शोषण दुसऱ्या द्रावकातील शुद्ध कुर्क्युमिनच्या आकड्याशी ताडले, तरी हिशेब चुकेल. शिवाय हळदीत कुर्क्युमिनची दोन भावंडे असतात. तीही याच भागात प्रकाश शोषतात, म्हणून या पद्धतीत तिघांची बेरीज मिळते. आणि कोणी पुडीत मेटॅनिल यलो हा निषिद्ध रंग मिसळला असेल, तर त्याचेही शोषण याच परिसरात येऊन आकडा फुगतो. हा रंग ओळखण्यासाठी पुडीच्या अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात. गुलाबी रंग शुद्ध हळदीलाही येतो, पण पाणी घातले की तो जातो. भेसळ असेल तर टिकून राहतो. ही परीक्षा प्रयोगशाळेतच करावी.

म्हणून माझे विद्यार्थ्यांना, त्यांतही हळद पिकवणाऱ्या घरांतून आलेल्यांना, एवढेच सांगणे आहे. तपासणीचा कागद हाती आला की नुसत्या टक्क्यांवर नजर ठेवून थांबू नका. नमुना वाळलेला होता की दमट, द्रावक कोणता वापरला, तरंगलांबी कोणती, आणि तुलना कशाशी केली, हे चार प्रश्न विचारा. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील, तर कोणी लबाडी केली असे मानण्याआधी त्यांचे द्रावक एकच होते का, ते पाहा. शेजार सांगितल्याशिवाय रेणूची ओळख पुरी होत नाही, आणि अपुऱ्या ओळखीवर मालाचा भाव ठरू देणे शहाणपणाचे नाही.