विजेच्या धक्क्यानंतरची दोन मिनिटे



हृदयाला ‘शॉक’ देणारे यंत्र, म्हणजेच डिफिब्रिलेटर, भेट देण्याची इच्छा दाते आमच्याकडे व्यक्त करतात. ती इच्छा स्तुत्य आहे. परंतु धक्का दिला की रुग्ण वाचला, अशी जी समजूत चित्रपटांमुळे रूढ झाली आहे, ती अपुरी आहे. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसाच्या बाबतीत धक्क्यानंतरचा काळ धक्क्याइतकाच निर्णायक असतो. त्या काळात हृदयाच्या लयीचे काय होते आणि जवळच्या माणसाने काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख सादर करीत आहोत.

झटका आणि हृदय बंद पडणे

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. रुग्णाच्या छातीत दुखते, पण तो बहुधा शुद्धीवर असतो. हृदय बंद पडते तेव्हा रक्ताभिसरणच थांबते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. पहिल्यातून दुसरी अवस्था उद्भवू शकते. त्या वेळी हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, विजेचे संदेश इतके विस्कळीत होतात की स्नायू आकुंचन न पावता नुसते थरथरतात. या थरथरीस व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन असे नाव आहे. धक्क्याचा उपयोग प्रामुख्याने याच अवस्थेत होतो. चित्रपटात दाखवतात तशी सरळ रेषा आलेखावर असेल, तर धक्का देत नाहीत. तेथे छातीदाब आणि औषधे हाच उपाय असतो.

धक्का काय करतो?

धक्का हृदय ‘सुरू’ करीत नाही. तो सर्व विस्कळीत संदेश एकाच क्षणी थांबवतो, जेणेकरून हृदयातील नैसर्गिक लयकेंद्राला पुन्हा सूत्रे हाती घेता यावीत. ती सूत्रे तत्काळ हाती येतीलच असे मात्र नसते. धक्क्यानंतर साधारणतः पुढीलपैकी काही घडते : काही सेकंद हृदय पूर्ण स्तब्ध राहते, किंवा ठोके फार मंद पडतात, किंवा आलेखावर लय दिसते, पण स्नायू थकलेला असल्याने नाडी लागत नाही, किंवा सुरळीत झालेली लय थोड्याच वेळात मोडून थरथर परत येते. हा शेवटचा प्रकार मुळीच विरळा नाही. पुष्कळ रुग्णांत तो पहिल्या एक-दोन मिनिटांतच घडतो. रक्तवाहिनीतील अडथळा अजून कायम असणे, प्राणवायूची कमतरता, रक्तातील पोटॅशियमचे बिघडलेले प्रमाण ही त्याची प्रमुख कारणे होत.

याचा प्रत्यय अगदी पहिल्या यशस्वी प्रयोगातही आला होता. १९४७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय बंद पडलेल्या १४ वर्षांच्या मुलाला धक्का दिला. पहिल्या प्रयत्नास यश आले नाही. त्यांनी हाताने हृदयाचे मर्दन चालू ठेवले, औषध दिले आणि पुन्हा धक्का दिला. तेव्हा हृदय चालू लागले व मुलगा वाचला. अलीकडचे उदाहरण इंग्लंडमधील फुटबॉलपटू फॅब्रिस मुआंबा यांचे. १७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये सामना चालू असताना ते मैदानावर कोसळले. त्यांचे हृदय पूर्ववत होण्यास ७८ मिनिटे लागली व १५ धक्के द्यावे लागले. मधल्या काळात छातीदाब चालू होता, म्हणूनच मेंदूला रक्त मिळत राहिले.

मराठी वाचकांस परिचित असे उदाहरण अभिनेते श्रेयस तळपदे यांचे आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण आटोपल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू लागले. पत्नी मोटारीने रुग्णालयात नेत असताना वाटेतच त्यांची शुद्ध हरपली. छातीदाब आणि विजेचा धक्का देऊन हृदय पुन्हा सुरू करण्यात आले आणि मग अँजिओप्लास्टीने रक्तवाहिनी मोकळी करण्यात आली. लय पूर्ववत झाली तरी मूळ अडथळा दूर केल्यावाचून धोका टळत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

दोन मिनिटांचा नियम

२००५ पूर्वी एकापाठोपाठ तीन धक्के देण्याची आणि दरम्यान लय व नाडी तपासण्याची पद्धत होती. या तपासणीत छातीवरचे हात थांबत आणि त्याबरोबर मेंदूकडे जाणारे रक्तही थांबे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ही पद्धत बदलली. एक धक्का द्यावा, नाडी शोधत न बसता लगेच छातीदाब सुरू करावा आणि दोन मिनिटांनंतरच लय तपासावी, असा नियम झाला. तो आजही लागू आहे.

तीन धक्क्यांनंतरही थरथर थांबत नसेल तर काय करावे, याचा अभ्यास कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ४०५ रुग्णांवर झाला व २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत १३.३ टक्के, पॅडची जागा बदलल्यावर २१.७ टक्के आणि दोन यंत्रांनी लागोपाठ धक्के दिल्यावर ३०.४ टक्के रुग्ण वाचून घरी गेले. हे काम प्रशिक्षित पथकाचे आहे; परंतु पथक पोचेपर्यंत रुग्ण टिकवून धरणे हे जवळच्या माणसाचेच काम आहे.

आपण काय करावे?

१. माणूस कोसळला असता त्यास हाक मारावी व खांदा हलवावा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर हृदय बंद पडले असे समजून १०८ क्रमांकावर कळवावे.

२. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. २०१७ च्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाचीच पद्धत सांगितली आहे. बुडालेल्या व्यक्तीस व लहान मुलास मात्र श्वासही द्यावा लागतो.

३. स्वयंचलित यंत्र उपलब्ध झाल्यास त्याच्या सूचनांप्रमाणे पॅड लावावेत. धक्क्याच्या वेळी रुग्णास कोणीही स्पर्श करू नये.

४. धक्का बसताच पुन्हा छातीदाब सुरू करावा. रुग्ण हालचाल करू लागला आणि नीट श्वास घेऊ लागला, तरच थांबावे.

५. रुग्ण शुद्धीवर आला तरी पॅड काढू नयेत व यंत्र बंद करू नये. थरथर वाटेत परत येऊ शकते. रुग्णालयात पोचेपर्यंत यंत्र जोडलेलेच असावे.

दरेकसा परिसराचा विचार

आमचा परिसर सालेकसा तालुक्याच्या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत, डोंगर व जंगलाचा आहे. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचण्यास रस्त्याने तासाहून अधिक वेळ जातो. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिच्या प्रगत गाड्यांत डिफिब्रिलेटर असतो. पण गाडी येण्यास काही अवधी लागणारच. मदतीवाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेस लाखो भाविक येतात व गुहेपर्यंतचा चढ चढतात. पावसाळ्यात हाजरा फॉलला पर्यटकांची गर्दी असते. अशा ठिकाणी कोणी कोसळल्यास पहिली पाच मिनिटे डॉक्टरांच्या हातात नसतात. ती स्वयंसेवकाच्या, दुकानदाराच्या, रेल्वे स्थानकावरील हमालाच्या हातात असतात.

सामान्य माणसे हे काम करू शकतात, याचा पुरावा आहे. अमेरिकेतील कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना प्रशिक्षण व स्वयंचलित यंत्रे देण्यात आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, डोळ्यांदेखत कोसळलेल्या ज्या रुग्णांना ३ मिनिटांच्या आत धक्का मिळाला, त्यांपैकी ७४ टक्के वाचले. त्याहून उशीर झालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते.

दात्यांस विनंती

यंत्राची खरेदी हा एकदाच होणारा भांडवली खर्च आहे. पॅड व बॅटरी मात्र मुदत संपताच बदलाव्या लागतात, आणि शिकलेल्या माणसांची उजळणी दरवर्षी घ्यावी लागते. हा आवर्ती खर्च कोणाच्या नावाच्या पाटीवर येत नाही. पण तो न झाल्यास पाटीखालचे यंत्र ऐन वेळी निरुपयोगी ठरते. म्हणून यंत्रासाठी देणगी देताना तिचा काही भाग प्रशिक्षण व देखभालीसाठी राखून ठेवण्याची अनुमती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक विनंती. हृदयरुग्ण असलेल्या प्रत्येक घरातील निदान एका व्यक्तीने छातीदाब शिकून घ्यावा. शिकण्यास एखादा तास पुरतो व त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.