रिले बदलताना काय पाहावे?

आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारीचे पुढचे दिवे एकदा लागेनासे झाले. दिव्यांचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीतला रिले खराब झाला होता. नवी पेटी महाग, म्हणून त्यांनी तेवढ्याच आकाराचा व तितक्याच पायांचा रिले आणून डाख देऊन बसवून घेतला. त्यावर '१२ व्होल्ट' असे छापलेलेही होते. चार दिवस दिवे लागले आणि पाचव्या रात्री घाटातल्या वळणावर एकाएकी विझले! गाडी सावकाश चालली होती, म्हणून निभावले. या वेळी रिले शाबूत होता; जळला होता तो रिलेला चालवणारा ट्रान्झिस्टर. असे का व्हावे?

रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारे बटण. तारेच्या वेटोळ्यातून थोडा प्रवाह सोडला की आतला लोखंडी गाभा चुंबक बनतो, एक पट्टी ओढून घेतो आणि तिच्यावरचे संपर्कबिंदू जुळतात. मेकॅनिक त्यांना 'पॉइंट' म्हणतात. दिव्यांचा मोठा प्रवाह या पॉइंटमधून जातो. म्हणजे रिलेला दोन बाजू आहेत : एक हुकूम घेणारी, दुसरी काम करणारी. दोन्ही तपासल्या पाहिजेत.

आधी वेटोळे पाहू. जुन्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध मीटरने मोजला. तो २४० ओहम भरला. ओहमच्या नियमाने प्रवाह १२ ÷ २४० = ०.०५ अँपिअर, म्हणजे ५० मिलिअँपिअर. नव्याचा रोध होता ८० ओहम. प्रवाह झाला १५० मिलिअँपिअर, अगदी तिप्पट! ट्रान्झिस्टरची मर्यादा मात्र १०० मिलिअँपिअर होती. व्होल्ट तेच असूनही तो तापत गेला आणि शेवटी जळला.

आता पॉइंट. ५५ वॅटचे दोन दिवे मिळून ११० वॅट. त्यांना ११० ÷ १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. मग १० अँपिअरचा रिले पुरेल का? नाही. दिव्याची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे दिवा लावताक्षणी प्रवाह कित्येक पट वाढतो. अशाने पॉइंट चिकटून बसतात. म्हणून क्षमता भरपूर जास्त हवी.

रिलेवर '२५० व्होल्ट ए.सी., १० अँपिअर' असे छापलेले असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका. घरातला ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पॉइंट उघडताना पडणारी ठिणगी लवकर विझते. मोटारीतला एकदिश प्रवाह असा शून्यावर येत नाही. तेव्हा डी.सी.साठी दिलेला आकडा वेगळा पाहावा.

आणखी एक धोका आहे. वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की प्रवर्तनाने उलटा, मोठा विद्युतदाब निर्माण होतो. तो शमवण्यासाठी काही रिलेंत डायोड बसवलेला असतो. असा रिले उलटा जोडला, तर प्रवाह वेटोळे सोडून थेट डायोडमधून धावतो व ट्रान्झिस्टर जातो. डायोड नसलेला रिले घातला आणि पेटीतही तशी सोय नसली, तरी परिणाम तोच!

म्हणून बदली रिले घेताना वेटोळ्याचे व्होल्ट व रोध, पॉइंटची डी.सी. क्षमता, डायोड आणि पायांचा क्रम या गोष्टी जुन्या रिलेशी ताडून पाहाव्यात. जुना रिले का बिघडला, हेही शोधावे. मात्र प्रयोग चालत्या गाडीवर करू नका. टेबलावर एक सुटा रिले घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याचा रोध मोजा.

जाता जाता एक प्रश्न : ६ व्होल्टचा रिले १२ व्होल्टला जोडला, तर त्याच्या वेटोळ्यात किती पट उष्णता निर्माण होईल? दुप्पट म्हणाल, तर पुन्हा विचार करा. दाब दुप्पट झाला की प्रवाहही दुप्पट होतो. म्हणून उष्णता चौपट!